पुडीवरचा सूर्य

परवा नर्सने एका वेळच्या गोळ्यांचं पाकीट हातात दिलं. त्यावर छापील सूर्य! याला आता सुधारणा म्हणतात.

नव्वद सालच्या आसपास मी धुळ्याच्या एका दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर होते. सगळ्या गोळ्या एकाच पुडीत बांधायची पद्धत. एका अक्कांनी सकाळच्या-रात्रीच्या एकदम घेतल्या आणि चक्कर येऊन पडल्या. तेव्हापासून मी दर वेळेची वेगळी पुडी बांधू लागले. सकाळच्या पुडीवर लाल पेन्सिलीने सूर्य, रात्रीच्या पुडीवर निळा चांद.

"ही काय बालवाडी आहे? बंद करा हे!" दवाखान्याचे मोठे डॉक्टरसाहेब खेकसले.

तेवढ्यात त्याच अक्का खिडकीशी आल्या. "ताई, बठ्ठा सूर्य सरनात. आज रातना एक चांद बाकी शे." सकाळच्या सगळ्या पुड्या संपल्या, आज रात्रीची एक उरली; अक्कांचा हिशोब चोख होता.

साहेबांच्या देखत मी पुढचा सूर्य काढला. मुद्दाम मोठा.