चौथा विंटरफोल्ड

मधुकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमधली सकाळची हजेरी भरत होते. बहरीनमधल्या उम्म अल हस्सम भागातल्या खोलीत झोपेतच गेले, सोबत राहणाऱ्या ड्रायव्हरने कळवलं. मी फोन ठेवला आणि कागद ओढला. दाखला, रेसिडेंट कार्ड, चर्च, गाडी... अशा वेळी मला यादीच सुचते. शेवटी लिहिलं, 'विंटरफोल्ड मंडळींना कळवणे', आणि पेन तिथेच थांबलं.

मधुकर विंटरफोल्ड हे तुबलीतल्या आमच्या गॅरेजचे स्टोअरकीपर. मूळचे नगरकडचे. पणजोबा दुष्काळात अनाथ झाले आणि ज्या पाद्र्याने सांभाळलं त्याचंच आडनाव घराला लागलं. इथे त्या नावापायी रोज गंमत. माल आणणारे गोऱ्या साहेबाला शोधत, आणि मेकॅनिक ओरडत, "लंडनचे साहेब, एक फॅनबेल्ट काढा!" काका आतून गंभीरपणे सांगत, "साहेब चहा पितायत. थांबा."

बायको गेलेली, मूलबाळ नाही. एकदा दुसऱ्याच विंटरफोल्डचं पार्सल चुकून त्यांच्याकडे आलं. तो बंदरात जहाजं आणणारा इंग्लिश पायलट निघाला. काका पार्सल द्यायला गेले ते जेवूनच परतले. मग त्यांना नादच लागला. एका शाळेत पियानो शिकवणाऱ्या बाई सापडल्या, नंतर हिद्दच्या कुठल्याशा गोदामावरचा केनियाचा गार्ड, सॅम्युएल. त्याच्या आजोबांनाही हे नाव मिशनच्या शाळेत मिळालं होतं. काका सांगायचे आणि मी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची: नाव, काम, नंबर, शेवटचा संपर्क.

"यातलं रक्ताचं कोणी नाही हो काका," मी एकदा म्हटलं.

"माहीत आहे ताई. पण पेटी घरच्यांनी उचलायची असते. आपल्या नावाचा एक खांदा लागला तरी पुरे."

ते मी ऐकलं, पण कुठे नोंदवलं नाही.

दर नाताळला मी सगळ्यांना शुभेच्छा पाठवायची. सॅम्युएलचं सलग दोन वर्षं उत्तर आलं नाही, म्हणून साफसफाईत त्याची ओळ काढून टाकली. काकांना सांगितलंही. "अहो, तो बोलतो की माझ्याशी," ते म्हणाले. मी म्हटलं, "यादीत तसं दिसत नाही." ते नुसते हसले आणि नटबोल्टच्या खणांकडे वळले...

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटरवरची ती यादी उघडली. पायलट सुट्टीवर इंग्लंडला. बाई बहरीन सोडून गेलेल्या. तिसरी ओळ नव्हतीच. काकांचा मोबाइल उघडेना. हिद्दच्या चार गोदामांत फोन केले, सगळीकडे 'मफी', इथे असा कोणी नाही. पेटी आमच्या मेकॅनिकांनी उचलली, अगदी जपून उचलली. सगळं वेळेत पार पडलं. दफनभूमीच्या फाटकाशी उभं राहून मी कागदावरच्या यादीवर खुणा केल्या. एक सोडून.

त्यानंतर स्टोअर माझ्याकडे आलं. लागेल तो माल सकाळी काढून द्यायचा आणि कुलूप लावायचं. गुरुवारी चहाच्या वेळी आतला जुना लँडलाइन फोन वाजायचा. बराच वेळ वाजायचा. कोणी सप्लायर असेल, म्हणून मी हातातलं काम करत राहायची. तीन गुरुवार असंच झालं.

चौथ्या गुरुवारी मी मोजणीसाठी आतच होते. फोन उचलला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "विंटरफोल्ड, धिस इज विंटरफोल्ड!" माझा हॅलो ऐकून तो दबकला. "सिस्टर, अंकल आजारी आहेत का?" त्याचा मोबाइल नंबर केव्हाच बदलला होता. दर आठवड्याला तो गोदामाच्या गेटवरच्या फोनवरून काकांशी बोलत होता. एवढी वर्षं.

मी सांगितलं. नाव मी काढलं होतं, तेही सांगितलं. मग तो म्हणाला, "खांदा मला द्यायचा होता, सिस्टर. अंकलनी मागून ठेवला होता."

मी त्याचा नवा नंबर मागितला. "राहू द्या," तो म्हणाला, "मीच करेन कधी."

आता नवा स्टोअरकीपर आला आहे. हुशार आहे, सगळं मोबाइलवर करतो. परवा म्हणाला, "मॅडम, हा जुना फोन काढू का? जागा अडवतो." मी नको म्हटलं. गुरुवारी चहाचा कप घेऊन मी काकांच्या स्टुलावर जाऊन बसते. अजून तरी वाजलेला नाही.