डिस्टिल्ड वॉटरचा टीबी

"सर, पॉझिटिव्ह!" निळी टेस्टट्यूब नाचवत मी डॉक्टरांच्या खोलीत घुसलो.

ट्यूबमध्ये रिठद गावच्या सुमनच्या छातीतून काढलेलं पाणी होतं. फुप्फुसाभोवती ते पुन्हा पुन्हा साचत होतं, पण थुंकीत जंतू सापडत नव्हते. टीबी असेल तर औषधं इथं, वाशीमच्या आमच्या दवाखान्यातच सुरू करता येणार होती. नसेल तर काही भयंकर शोधायला नागपूर.

सरांनी एका नव्या टेस्टबद्दल वाचलं होतं. टीबीत अशा पाण्यात एडीए नावाचं एन्झाइम वाढतं. ते एका रसायनातून अमोनिया सोडवतं आणि अमोनियामुळे ट्यूब निळी होते. टेस्ट भरवशाची आहे का, हे पाहायचं काम सरांनी मला दिलं. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी; जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

"ब्लँक लावलास?" सरांनी विचारलं. ब्लँक म्हणजे रुग्णाच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर घातलेली ट्यूब. ती निळी व्हायला नको.

"नाही सर. रसायन महाग आहे ना, वाचवलं."

"आता लाव."

ब्लँकही निळीशार झाली.

"डिस्टिल्ड वॉटरला भरती करून घे," सर म्हणाले. "त्यालाही टीबी आहे."

मी काचसामान धुतलं, रसायनं नव्यानं केली. पुन्हा निळंच. शेवटी सर स्वतः लॅबमध्ये आले आणि दारातच नाकाला रुमाल लावून थांबले.

"तुला वास येत नाही?"

"कसला, सर?"

खिडकीखाली लिंबाच्या सावलीत रुग्णांच्या गाड्यांचे बैल बांधलेले होते. त्यांच्या मुताचा अमोनिया थेट माझ्या टेबलावर येत होता. मी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत अभ्यास करून बी.एस्सी. झालेलो. माझ्या नाकाला ती शुद्ध हवा होती.

मी खाली जाऊन सुमनच्या वडिलांना, किसनभाऊंना, बैल हलवायला सांगितलं.

"काहून जी? बैलं काय तुमच्या मशिनीत शिंग घालून राह्यले?"

"त्यांच्यामुळे पोरीचा रिपोर्ट चुकतो, भाऊ."

"बैलामुळं? अन् तुमी कालेजात शिकले म्हनता?"

तरी त्यांनी स्वतःचे सोडले, दुसऱ्यांचेही हाकलले. खिडकी बंद करून टेस्ट पुन्हा लावली. ब्लँक पाण्यासारखी स्वच्छ राहिली. सुमनची ट्यूब मात्र निळी झाली. सरांनी औषधं सुरू केली.

काही महिन्यांनी सुमन स्वतःच्या पायांनी व्हरांड्याच्या पायऱ्या चढून आली. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. मागून किसनभाऊ आले.

"सायेब, बैलं फाटकाबाहीर बांधले बरं. तपासा आता बिनधास्त."

तेव्हापासून मी आधी ब्लँक लावतो. आणि नाकाची खात्री दुसऱ्याकडून करून घेतो.