फोटोबाहेर ठेवलेले सील

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, आताच्या रूममेटला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तिथे होतात. मंडळाचा गणपती, सांता क्लारातल्या शाळेचा तो हॉल, आणि हॉलच्या दाराबाहेर वडापावच्या रांगेला चिकटून माझा स्टॉल. आठवतो? तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एका हातात वडा सांभाळत दुसऱ्या हाताने सही केली होती. पिटिशनवर चटणीचे डाग पडले होते. मी हसून म्हणाले होते, चालेल, चटणीसुद्धा आपल्या बाजूने आहे.

पत्रकावर एक फोटो होता. वाळूवर पडलेलं सीलचं मेलेलं पिल्लू, तोंड अर्धवट उघडं, नाकाशी फेस. खाली माझी ओळ — एकेकाळी यांना तेलासाठी मारलं. आता जागेसाठी?

त्या फोटोबद्दलच बोलायचंय. म्हणजे — फोटोबद्दल आणि केतकीबद्दल. पण आधी सीलबद्दल सांगू दे. तेवढा भाग सोपा आहे.

पत्रकातला इतिहास खरा होता. एलिफंट सील — सोंडेसारखं नाक लोंबणारा, आपल्या गाडीपेक्षा जड असा तो प्राणी — याला इथल्या किनाऱ्यावर चरबीसाठी मारून मारून संपवलं. चरबी उकळायची, तेल काढायचं, दिवे लावायचे. लोकांच्या घरात उजेड पडावा म्हणून किनारेच्या किनारे रिकामे केले. वाचताना आजही माझी कानशिलं तापतात. शेवटी मेक्सिकोच्या एका बेटावर मूठभर उरले. मग शिकार थांबली, कायदे झाले आणि ते परत आले. एकेक किनारा करत, कुणाला न विचारता आले. सनीव्हेलहून निघून समुद्रकाठच्या हायवेला लागलात, की हिवाळ्यात आता असे किनारे लागतात जिथे पाय ठेवायला वाळू दिसत नाही.

हे शेवटचं वाक्य मात्र पत्रकात नव्हतं.

का नव्हतं? कारण तिथलं एक रिसॉर्ट सीलच्या वाळूवर पार्किंग वाढवायला निघालं होतं आणि ते थांबवायला मला सह्या हव्या होत्या. सील वाढलेत असं सांगितलं तर कोण सही करेल? लोक म्हणतील, छान! आणि वड्याच्या रांगेत परत जातील. मरणाऱ्याला लोक सही देतात, जगलेल्याला देत नाहीत — असं मला कुणी शिकवलं नव्हतं, मीच ठरवून टाकलं होतं. लोक वाईट बातमी लपवतात. मी चांगली लपवली.

फोटो केतकीने काढला होता. केतकी पुण्याची, पीएचडी करत होती, आणि तेव्हा आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. हिवाळ्यात दर वीकेंडला ती त्या किनाऱ्यावर सील मोजायला जायची. मंडळातली चारपाच टाळकी तिच्याबरोबर असायची, थर्मासमध्ये चहा, डब्यात पोहे. एकट्या माणसाला ते जमत नाही. एकजण मोजतो, दुसरा पुन्हा मोजतो, तेव्हा कुठे आकडा धरतात. तिने मला तो फोटो दिला होता, विश्वासाने. मूळ फोटोत ते पिल्लू खाली कोपऱ्यात आहे. त्याच्या मागे सील आहेत. नुसते सील. एकमेकांवर मान टाकून झोपलेले, भांडणारे, पिल्लांना पाजणारे. वादळात लाटा वर चढल्या, मागे सरकायला जागा नव्हती, पिल्लू वाहून गेलं. गर्दी झाली म्हणून ते मेलं होतं. वाढल्याची खूण होती ती. केतकीने मला हे आमच्या स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी होईपर्यंत समजावून सांगितलं होतं. मला कळलं होतं. नीट कळलं होतं.

आणि मग मी फोटो क्रॉप केला. पिल्लू ठेवलं, बाकी सगळे कापले. दुसऱ्या कोपऱ्यातलं तिचं नावही त्यात गेलं.

इथवर तुम्ही म्हणाल, ठीक आहे, प्रचारात चालतं. मीही तेच म्हणत होते. पण —

त्या दिवशी केतकी ढोलपथकात होती. मधल्या सुट्टीत, ढोल कमरेला बांधलेलाच, ती पाणी प्यायला बाहेर आली आणि तिने पत्रक उचललं. आधी हसली. मग म्हणाली, "अगं, मागचे कुठे गेले?"

मी म्हटलं, नंतर बोलू.

"नंतर काय? मागे अख्खा बीच भरलेला होता, रेवा! तू तर यांना संपवूनच टाकलंस."

हे ती मोठ्याने बोलली, कारण पथकातून आलेली माणसं मोठ्यानेच बोलतात. रांग वळून बघायला लागली. एक काका म्हणाले, "म्हणजे वाढलेत की कमी झालेत? काय ते एकदा ठरवा बुवा, माझा वडा गार होतोय." सगळे हसले. माझ्यासमोर एक बाई पेन हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्या पेनासाठी मी पुढचं सगळं केलं. दुसरं काही कारण नव्हतं.

पत्रकं लिहायला शिकवतात तेव्हा एक गोष्ट आधी शिकवतात — आरोप करू नका, प्रश्न विचारा. आरोप सिद्ध करावा लागतो, प्रश्न नुसता सोडून द्यायचा असतो. मी काकांकडे बघून, गोड आवाजात म्हणाले, "काका, केतकीच्या लॅबला पैसे कोण देतं, ते जरा तिलाच विचारा ना."

तिच्या लॅबला विद्यापीठ पैसे देत होतं. मला माहीत होतं. तिच्या ग्रँटचा अर्ज मीच तपासून दिला होता. रिसॉर्टचं नावसुद्धा मी घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. तुम्ही सगळ्यांनी ते मनात घेतलंत. बाईंनी पेन उचललं.

केतकी फक्त "रेवा?" म्हणाली. तेवढ्यात आत तिला हाक आली, आणि ती जाऊन वाजवायला लागली. बाहेर ऐकू येत होतं. एक ठोका चुकला नाही तिचा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, फक्त त्याची सुरुवात माहीत नव्हती. त्या हिवाळ्यात तिच्याबरोबर मोजायला कुणी गेलं नाही. कुणाचं ऑफिस, कुणाचं पोर आजारी. ती काही वीकेंड एकटी गेली. एकटीचे आकडे धरले जात नाहीत. पीएचडी अर्धी टाकून ती दूर शुगर लँड गावी भावाकडे गेली आणि तिथे एका तेलाच्या कंपनीत नोकरीला लागली. आणि मंडळाच्या ग्रुपवर ही बातमी आली तेव्हा मी काय टाकलं? "बघा." एवढंच. एका शब्दाचं पत्रक.

यंदाच्या हिवाळ्यात मंडळातल्या निखिलची आई अमरावतीहून आली होती. काकूंना सील बघायचे होते, म्हणून मी घेऊन गेले. किनाऱ्यावर उतरून त्या जागीच थांबल्या. "अगं माय, किती हे! पोळ्याला बैल उभे करावेत तसे!" मग पर्समधून, देवाच्या पोथीत ठेवतात तशी घडी घातलेलं, माझंच पत्रक काढलं. मागच्या खेपेला इथे आल्या होत्या तेव्हा, त्याच गणपतीत घेतलेलं. त्या रोज दिवा लावताना या पिल्लांसाठी हात जोडत होत्या. "ऐकलं बघ देवानं," म्हणाल्या.

तोंडातून निघून गेलं — "काकू, तेव्हाही एवढेच होते."

"मग संपले म्हणून का सांगितलंस?"

वाटलं, आता रागावतील. त्यांनी परत सीलकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई बाई, मेले नव्हते ना पण! मी उगाच जिवाला घोर लावून बसले." आणि हसायला लागल्या. एक नर मान उंचावून ढेकर दिल्यासारखा ओरडला, तेव्हा तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. त्यांच्या शेजारी उभी राहून मीही — पहिल्यांदा — ते नुसते बघितले. कुणाची सही नको, काही सिद्ध करायचं नाही. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी भांडत होते आणि ते वाचलेत याचा आनंद मी एकदाही केला नव्हता.

काकूंना मी अर्धंच सांगितलं. केतकीचं नाव घेतलं नाही. पुन्हा कापलं, म्हणा ना.

म्हणून हे आता लिहितेय, मंडळाच्याच अंकात, जिथे तुम्ही वाचाल. केतकीने कुणाकडून पैसे घेतले नव्हते. ती खरं बोलत होती. मी ते जाणून होते आणि तुमच्यासमोर तिला खोटी पाडली. लिहिलं. बघा, किती लहान वाक्यं आहेत, आणि किती वर्षं दाबून ठेवली होती. लाज वाटतेय, आणि हलकंही वाटतंय. हलकं वाटणं बरोबर नसेल, पण वाटतंय, आणि लपवायचं मी सोडलंय. सील वाढलेत. मोठ्याने म्हणते — वाढलेत! आणि वाढलेत म्हणूनच त्यांना ती वाळू हवी आहे. हे तेव्हाही सांगता आलं असतं.

सोबत तो मूळ फोटो दिलाय. खाली नाव केतकीचं आहे. छापण्याआधी हा मजकूर मी तिला पाठवला. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं, एका ओळीचं. माझ्याबद्दल त्यात काही नाही.

"छापताना उजवी बाजू कापू नका. तिथेही आहेत."

कापलेली नाही.