बोटीवरची गावकी

सयाजी अमेरिकेला चाललाय, हवाई नावाच्या बेटांवर बोटीने फिरणार आहे, हे कळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बनुबाईने महाडला जाऊन त्या सहलीत आपलं नाव नोंदवलं. एजंटने विचारलं, "आजी, बरोबर कोण?" ती म्हणाली, "कोन नाय. एकटीच." मुंबईला व्हिसाच्या खिडकीवर साहेबाने कशासाठी जाताय म्हणून विचारलं, तेव्हा तिने "बोट बघायला" असं सांगितलं. ते साफ खोटं होतं. तिला सयाजीला अशा जागी गाठायचं होतं, जिथून त्याला उठून जाता येणार नाही. चहूबाजूंनी पाणी असलेली जागा तिला त्यासाठी बरी वाटली.

बनुबाई सहासष्ट वर्षांची, अंगाने काटक, तोंडाने तिखट. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात जी वाडी आहे, तिथे तिचं घर. सयाजी तिच्या नवऱ्याचा, महिपतचा चुलतभाऊ आणि वाडीच्या गावकीचा पुढारी. अकरा वर्षांपूर्वी त्याने देवाच्या रानातली झाडं तोडून विकली. महिपत तसा कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा, पण महाडच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला आणि पाहिलं ते सांगून आला. पुढच्याच बैठकीत गावकीने त्याला वाळीत टाकलं. त्या घराशी कुणी बोलायचं नाही, त्या घरचं पाणी प्यायचं नाही, आणि जो पिईल तोही वाळीत. सुटका हवी असेल तर देवळाच्या पायरीवर नारळ ठेवून चूक कबूल करायची. महिपतने नारळ ठेवला नाही. पुढे सरकारने असल्या बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तेव्हा गावकीने ठरावाचा कागद तेवढा फाडला. दारं बंदच राहिली.

एवढं बनुबाईने गिळलंही असतं. पण सात वर्षांपूर्वी एका सकाळी महिपतच्या छातीत कळ आली. ती धावत सयाजीच्या दारात गेली. अंगणात त्याची जीप उभी होती. "भावजी, ह्यांना महाडला न्यायचं हाय," ती म्हणाली. सयाजी उंबऱ्याच्या आतूनच म्हणाला, "गावकीचा ठराव हाय वयनी. मी एकटा काय करू?" आणि आत निघून गेला. महिपत रस्त्याच्या कडेला टेम्पोची वाट बघता बघता गेला. तिरडीला खांदा द्यायला वाडीतला एक माणूस आला नाही. मुलगा मुंबईहून आला, त्याने पोलादपूरच्या हॉटेलातली तीन माणसं आणली, तेव्हा प्रेत उचललं गेलं. आणि वर सयाजीने पाव्हण्यारावळ्यांत सांगत सुटावं, की त्या दिवशी माझी जीप बंद होती, नाहीतर मी नेलंच असतं!

ती जीप चालू होती हे बनुबाईला सयाजीच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि चारचौघांत ऐकायचं होतं. त्याशिवाय मरायचं नाही असा तिने चंग बांधला होता. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला, त्यात दोघांच्याही खालच्या जमिनी गेल्या आणि दोघांच्याही हातात पैसा आला. सयाजीने तो मिरवायला काढला आणि बनुबाईने सूड घ्यायला.

ते दोन हजार वीसचं साल. फेब्रुवारीत चीनमधल्या रोगाच्या बातम्या टीव्हीवर रोज यायला लागल्या. जपानजवळ एक बोटच्या बोट अडकवून ठेवल्याचं दाखवलं, तेव्हा सहलीतली निम्मी माणसं गळाली. उरली अकरा. सयाजीलाही जाऊ नये असं वाटत होतं, पण वाडीने हार घालून त्याला निरोप दिला होता, आता कुठल्या तोंडाने घरी बसणार? त्याची बायको ठमाबाई मुकाट्याने त्याच्या मागून निघाली. गावकीतला दुसऱ्या नंबरचा मानकरी भागोजीही बरोबर होता. बाकीची मंडळी महाडची, आणि सगळ्यांना सांभाळायला विनीत नावाचा महाडचाच तरुण टूर मॅनेजर.

बोट कसली, महाडची सगळी बाजारपेठ आत मावली असती. पहिल्या दिवशी विनीतने अकराही जणांना एका गोल टेबलावर बसवलं. बनुबाईने पाण्याचा जग उचलला आणि उजवीकडून एकेकाचा ग्लास भरत आली. सयाजीचाही भरला. सयाजी उठला, ठमाबाईला आणि भागोजीला घेऊन पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी बनुबाई जग घेऊन त्या पलीकडच्या टेबलाशी गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. कुठल्या देशाचा आचारी, कुठल्या जातीचा वाढपी, कुणाचा हात कशाला लागलाय, काही विचारायचं नाही. सयाजी सगळ्यांच्या हातचं खात होता, पीत होता. एक बनुबाईचा हात तेवढा त्याला बाटवणार होता. तिचं डोकं भणभणून जाई.

बेटं मात्र तिला आवडली. हे कबूल करताना तिला जरा रागच आला. एका बेटावर बसमधून उतरले तर समोर पाण्याने भरलेली खाचरं, आणि त्यांत भाताऐवजी अळू लावलेला. एवढाली पानांची छत्रं. विनीत सांगत होता, की इथले लोक याचे गड्डे उकडून कुटून खातात. सयाजी शेतकरीच तो, त्याला राहवलं नाही. बांधावर बसून त्याने एक पान हातात धरलं आणि मान वळवून म्हणाला, "अळू बघ वयनी, केवढा माजलाय."

जीपच्या त्या सकाळनंतर सात वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला होता. दुसऱ्याच क्षणी त्याने जीभ चावली आणि झटकन उठून बसकडे चालू लागला. बनुबाई तिथेच उभी राहिली. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा संताप आला. अळू दाखवायला वयनी चालते, आणि नवरा मरताना वयनी चालत नाही. भागोजीने हे ऐकलं होतं. त्याने ते ध्यानात ठेवलं.

बेटांवरून अमेरिकेच्या किनाऱ्याकडे परतताना चार दिवस नुसता समुद्र. दुसऱ्या दिवशी कॅप्टनने कर्ण्यावरून सांगितलं, ज्याला ताप, खोकला असेल त्याने लगेच डॉक्टरला कळवावं. जागोजागी हात धुवायच्या बाटल्या आल्या, वाढपी हातमोजे घालून वाढू लागले. आणि त्याच दुपारी सयाजी खोकला.

"एसीचा हाय," तो म्हणाला. पण संध्याकाळी डोळे लाल, अंगावर शाल. महाडकर खुर्च्या सरकवून बसले. एक मेडिकलवाला म्हणाला, हे कळवायला पाहिजे. सयाजीने त्याच्यापुढे हात जोडले. "कळवू नका. मला इथंच कुठं परमुलखात उतरवून जातील." ठमाबाई डोळ्यांना पदर लावून उभी. विनीतला काय करावं सुचेना.

तेव्हा बनुबाई उठली. "बैठक बसवा," ती म्हणाली. "असल्या कामाला गावकी लागते."

खिडकीजवळच्या खुर्च्या गोल मांडल्या. सयाजी बसायला लागला तर तिने त्याला दाराशी उभं राहायला सांगितलं. महिपतला देवळात असंच उभं केलं होतं. तिने एकेकाला विचारलं, हो की नाय. ह्याच्या खोलीत कुणी जायचं नाही. ह्याच्याशी कुणी बोलायचं नाही. ह्याच्या हातचं घ्यायचं नाही, ह्याला द्यायचं नाही. महाडकर घाबरलेले, त्यांनी चटकन माना हलवल्या. भागोजीची पाळी आली. त्याने सयाजीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, आणि म्हणाला, "हो."

"भागोजी, तू पन?" सयाजी म्हणाला.

"ठराव हाय," बनुबाई म्हणाली. "तो एकटा काय करील?"

सयाजीला तोंडात मारल्यासारखं झालं. तो भिंतीला धरत खोलीकडे गेला. बनुबाईला त्या दिवशी जेवण गोड लागलं. तिने दोनदा भात मागून घेतला. डॉक्टरला सांगायचं तिच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. तिने ते उद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमाबाई तिच्या दारावर थापा मारत आली. सयाजीचं अंग भाजत होतं, श्वासाला घरघर लागली होती, तो डॉक्टरला बोलावू देत नव्हता आणि हिला फोनचं कुठलं बटण दाबायचं ते ठाऊक नव्हतं. भागोजीने दार उघडलं नव्हतं. मेडिकलवाल्याने आतूनच जा म्हटलं होतं.

"बाय, पाया पडते. काय पन कर," ठमाबाई म्हणाली.

बनुबाईने तिच्याकडे पाहिलं. असंच तोंड घेऊन आपण त्या सकाळी ह्यांच्या अंगणात उभ्या होतो. तिला दया यायला हवी होती. आली नाही. तिने टेबलावरची पाण्याची बाटली घेतली, विनीतला हाक मारली, भागोजीच्या दारावर मूठ आपटून त्याला बाहेर काढलं, आणि दोघांना सयाजीच्या खोलीसमोर चार हात लांब उभं केलं. मग दार उघडून उंबऱ्यावर थांबली.

सयाजी उशीला टेकून बसला होता. ओठ सुकलेले. त्याने बाटली पाहिली. "वयनी, पानी दे," तो म्हणाला.

"देते. आदी सांग. त्या सकाळी जीप बंद व्हती का?"

सयाजीने डोळे मिटले. ठमाबाई म्हणाली, "अहो, सांगा."

"चालू व्हती," तो म्हणाला.

"डिझेल?"

"भरलेलं. मी रातीच भरून आनलं व्हतं." त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत बनुबाई उभी राहिली. "नेलं असतं तर वाचला असता का, रोज विचार येतो वयनी. पन मी गाडी काढली असती तर गावकीत माझं काय राहिलं असतं?"

सात वर्षं तिला वाटत होतं, की हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही, उलट जड झाला. रोज विचार येतो म्हणे! विचार येत होता आणि तरी हा हार घालून मिरवत होता. तिने झाकण काढलं, आत जाऊन बाटली स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडाला लावली. तो घटाघटा प्यायला. भागोजी मान उंच करून बघत होता.

"आता डॉक्टर बोलाव," ती विनीतला म्हणाली. "ह्याला मरून सुटू द्यायचा नाय. वाडीत न्यायचा हाय."

डॉक्टर आला, नर्स आल्या, सयाजीला चाकाच्या खुर्चीत घालून नेलं. तो साधा ताप निघाला, छातीत भरलेला कफ. बंदरावर तपासून, गोळ्या देऊन सोडला. मार्चच्या मध्यात सगळे घरी परतले.

गावबंद्या अजून लागायच्या होत्या. रोगाचं काय करायचं म्हणून देवळात बैठक बसली, आणि बनुबाई अकरा वर्षांनी पहिल्यांदा तिथे गेली. पायरीखालीच उभी राहिली. म्हणाली, सयाजीने माझ्या हातचं पाणी प्यायलंय, तुमचा ठराव काय म्हणतो? भागोजी उठला. पुढारीपणावर त्याचा कधीचा डोळा होता. त्याने पाणी सांगितलं, जीप सांगितली, डिझेलसुद्धा सांगितलं, अळूसुद्धा.

देवळात चुळबुळ सुरू झाली. पुढाऱ्यालाच वाळीत टाकायचं, तर पंचाईत. शेवटी एका म्हाताऱ्याने तोड काढली. बनुबाईने नारळ ठेवावा, की तिचा ठराव सुटला. तिचा सुटला की तिच्या हातचं पाणी पिणारा सयाजीही आपोआप सुटला. कुणाचं काही गेलं नाही. म्हाताऱ्याने स्वतः नारळ आणून तिच्या हातात दिला. "ठेव बाय. संपव आता."

सगळी वाडी तिच्याकडे बघत होती. ज्या बायका अकरा वर्षं तिला पाहून तोंड फिरवत होत्या, त्या मानेनेच ठेव म्हणत होत्या. उद्यापासून कुणीतरी तिच्या ओटीवर येऊन बसलं असतं, तिच्या हातचा चहा प्यायलं असतं. तिला हे नको होतं असं नाही. फार हवं होतं.

तिने नारळ पदरात घेतला, वळली आणि घरी गेली. फोडला, किसला आणि त्याच्या वड्या केल्या.

सयाजी वाळीत पडला. पुढच्या आठवड्यात सगळ्या देशानेच दारं लावून घेतली, पण वाडीत कोण कुणामुळे घरात बसलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका सकाळी ठमाबाई विहिरीवर आली. बाकीच्या बायका कळश्या उचलून निघून गेल्या. राहिली एकटी बनुबाई.

"बाय," ठमाबाई हळू आवाजात म्हणाली, "किती दिस हे असं?"

बनुबाईने कळशी भरून काखेला लावली.

"अकरा वर्सं," ती म्हणाली. "तोवर मी मरत नाय."