बातम्यांची कॅसेट

"बगा, पण न्हेव नकात!" कॅसेटीवर तळहात ठेवून तो बजावायचा. धारगळच्या हमरस्त्यावर त्याचे व्हिडिओचे दुकान होते. सिनेमे तो खुशाल भाड्याने द्यायचा. ते नकलेच्या नकला असत, नायिकेला नाक आहे की नाही ते दिसायचे नाही. पण त्याचे मन त्याला कधी खात नसे.

बातम्यांचे सोवळे मात्र कडक. नुकताच घटक राज्य झालेला आपला गोवा टीव्हीवर दिसला की तो रेकॉर्ड करायचा आणि म्हणायचा, "ह्यो टीव्ही केंद्राच्यो. आमी फकत राखणदार." कायद्याचा असा भक्त तुम्हीही पाहिला असेल, त्याचा कायदा घरीच शिजतो.

खाणींकडच्या पाळी गावाहून एक बाई यायची. तिचा नवरा खनिजाचा ट्रक चालवायचा, अपघातात गेला. घरात त्याचा साधा फोटो नव्हता. पण घटक राज्याच्या मिरवणुकीत नाचताना तो बातम्यांत दिसला होता, आणि ती बातमी या दुकानातल्या कॅसेटीवर होती.

"दादा, ह्यांका बघूक इलंय," ती म्हणायची. पडद्यावर नवरा टोपी उडवायचा, हसायचा, गर्दीत दिसेनासा व्हायचा. दुकानदार कॅसेट पुन्हा मागे फिरवायचा.

तिने नक्कल मागितली, तेव्हा हा पणजीला केंद्रातल्या साहेबाला विचारायला गेला. "नक्कल करणे गुन्हा आहे," साहेब म्हणाला.

"अरे, देऊन टाक, कोण बघतंय?" मी, त्याचा शेजारचा दुकानदार, म्हणालो. त्याने मला चोरांच्या पंगतीत बसवले, आणि बाई आली तेव्हा मूळ कॅसेटच तिच्या हातात ठेवली. "नक्कल करूक मनाई आसा. अस्सल देवक कोणी मनाई केल्या?"

पुढे तोच साहेब गाडी घेऊन आला. केंद्राने आपली टेप पुसून तिच्यावर दुसरेच काही भरले होते, आणि आता राज्याच्या वाढदिवसाला तीच दृश्ये हवी होती.

"ती आमची मालमत्ता आहे."

"मगे पुसलात कित्याक?" याने विचारले. बाईचा पत्ता काही दिला नाही.

बाईकडे टीव्हीच नव्हता. कॅसेट पिशवीत घालून, दोन बस बदलून ती इथेच येत राहिली. पाहून झाले की तो बजावायचा, "बाय, तुमची कॅसेट. हंय ठेव नकात."

तो अचानक गेला. तिला कोण कळवणार? नेहमीसारखी आली तर शटर बंद. मीच सांगितले. ती पायरीवर बसली. कॅसेट काढून मांडीवर घेतली आणि तिच्यावर तळहात ठेवला, तो ठेवायचा तसाच.