आक्काचं तगवण

तात्या माझे थोरले दीर. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. काही सांगायचं असलं की आमच्या ह्यांच्या मोबाईलवर फोन करायचे, आणि मी शेजारी बसलेली असले तरी 'धाकटीला सांग' म्हणायचे. त्या दिवशी दुपारी मी केडगावच्या घरात गवारीच्या शेंगा मोडत बसले होते आणि माझाच मोबाईल वाजला. तात्यांचं नाव बघून शेंगा टाकून मी फोन उचलला. पलीकडून तात्या म्हणाले, "निर्मला, तुझी आक्का गेली गं..." मागं दवाखान्यातला गलका ऐकू येत होता, आणि त्यात मंगलचा, आक्काच्या लेकीचा, हंबरडा. मी विचारलं, "अहो पण कशानं? सकाळी तर धडधाकट होती!" तर म्हणाले, "उपाशी ऱ्हायली. मयताच्या घरी उपाशी ऱ्हायली ती." खरं सांगते, मला रडू नंतर आलं, आधी राग आला. तात्यांचा आला, मंगलच्या सासरच्यांचा आला आणि सगळ्यात जास्त आक्काचा आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

आक्का म्हणजे कौसल्याबाई, माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन नेवाशाकडच्या वस्तीवर आले तेव्हा तिचं एक मूल कडेवर आणि एक पोटात होतं. मला भाकरी थापता येत नव्हती. सासूबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून माझ्या वाकड्या भाकरी आक्का स्वतःच्या ताटात घ्यायची. पुढं ह्यांच्या नोकरीमुळं आम्ही केडगावला आलो, तरी आमचं जावाजावांचं तुटलं नाही. आक्का कामाला वाघ होती, आणि बोलायला तर विचारू नका. कांदा काढायला आलेल्या बायांना हसवून हसवून बेजार करायची. तात्यांना सुद्धा चारचौघांत टोला द्यायला घाबरायची नाही. पण एवढी तोंडाळ बाई, तिच्या तोंडून एक वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. 'मला भूक लागली' असं ती कधी म्हणायची नाही.

त्याचं कारण तिनं मला एकदाच सांगितलं. नवी नवरी असताना ती खुरपायला रानात गेली होती. ऊन डोक्यावर आलं, भाकरी काही येईना. पोरसवदा वय, आक्का सासूबाईंना म्हणाली, "आत्या, लई भूक लागली." सासूबाईंनी सगळ्या रोजंदारीच्या बायांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ऐका गं, आमच्या सुनंला माहेरी खायाला मिळत नव्हतं वाटतं!" बाया खो खो हसल्या. बाकी कुणी काही बोललं नाही, कुणी मारलं नाही, काही नाही. सासूबाई सुद्धा तासाभरात ते विसरल्या असतील. आक्का विसरली नाही. "त्या दिवशी भूक मेली बघ माझी," असं म्हणून ती हसली होती, पण मला काही हसू आलं नाही.

उतारवयात तिला शुगर निघाली. आधी गोळ्या, मग इंजेक्शन. नगरच्या डॉक्टरांकडं दाखवायला ती माझ्याकडं यायची. इंजेक्शन सुरू झालं त्या दिवशी डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "आजी, आता दोन जेवणांच्या मध्ये काहीतरी खायचंच. उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाईल, जिवावर बेतेल." आक्कानं मान डोलावली. घरी आलो, चारच्या सुमाराला मी अर्धी भाकरी, शेंगदाण्याची चटणी असं ताटलीत घालून तिच्यापुढं ठेवलं. ती ताटलीकडं बघेच ना.

"ही काय जेवायची येळ हाय?"

"जेवण नाही, नाश्ता म्हणा."

"नाश्ता पाव्हन्यांना देत्यात. मी काय पाव्हनी हाय?"

"बरं, फराळ."

"आज काय एकादस हाय?"

"मग खाऊ म्हणा, आक्का! काहीही म्हणा, पण खा!"

"खाऊ ल्हान पोरांचा. घरातली समदी कामाला लागल्याली आन म्हातारी एकटी चरत बसली, आसं म्हनतील लोकं."

मी वैतागले. म्हटलं, डॉक्टर काय बोलले ते ऐकलंत का, ह्याला औषध समजा. तर म्हणे, "औषद बाटलीत असतंय." घ्या! मी ताटली तिथंच ठेवून कपडे काढायला गच्चीवर गेले. परत आले तर आक्का भिंतीला टेकून विचार करत बसलेली. मला म्हणाली, "निर्मल, पाटाच्या पाण्याचं आवर्तन लांबलं की आपन उसाला काय करतो?"

"विहिरीचं हलकं पाणी देतो."

"कशापायी?"

"पीक तगावं म्हणून."

"हां. भिजवण न्हवं, निस्तं तगवण." तिनं ताटली जवळ ओढली. "मंग हे माझं तगवण." आणि भाकरी मोडली. असा विजय मिळवल्यासारखा चेहरा केला होता की मला हसू आवरेना. दोघी हसत बसलो. तिच्या ताटलीतली चटणी मी पण खाल्ली.

हा शब्द तिनं वस्तीवर नेला आणि काय सांगू, तो उभ्या वस्तीचा झाला. सून वैशाली चार वाजले की हाक मारायची, "आई, तगवण!" तात्या विहिरीवरून आले की आधी विचारायचे, "तगवण झालं का?" कांद्याच्या दिवसांत आक्का बांधावर बसून सगळ्या बायांना बोलवायची, "या गं, तगवण करून घ्या," आणि टोपलीतलं सगळ्यांना वाटायची. एकटीनं खायची लाज गेली होती ना तिची. तिनं त्याचे कायदेपण केले होते. तगवण उभ्यानं करायचं नाही, हातावर घ्यायचं नाही, ताटलीच पाहिजे. त्यात गोड नाही. आणि 'उगं आपलं थोडंसं' म्हणून नको म्हणायचं नाही. शेजारच्या वस्तीवरची पोरं शाळेतून आली की आयांना तगवण मागायला लागली. मी प्रत्येकाला कौतुकानं सांगायचे, आमच्या आक्कानं शब्द काढलाय.

आता त्या कौतुकाचं काय करावं ते मला कळत नाही. त्या शब्दामुळं ती इतकी वर्षं जगली, हे खरंच आहे. वैशालीनं, तात्यांनी, कुणी हयगय केली नाही. पण आमच्या वस्तीच्या बाहेर तो शब्द कुणाला ठाऊक होता? घरात तिला भूक म्हणावं लागत नव्हतं, त्यामुळं ते म्हणायला ती कधी शिकलीच नाही. कधी वाटतं, चांगलं झालं तिला शब्द सापडला. कधी वाटतं, नसता सापडला तर आम्ही भांडून, रागावून का होईना, तिच्याकडून 'भूक लागली' वदवून घेतलं असतं... सारखं हेच मनात घोळतं. कुणाला विचारणार?

मंगल कोपरगावकडं दिलेली. त्या दिवशी पहाटे तिचे सासरे वारले. निरोप आला तशी आक्का आणि तात्या जीपनं निघाले. इंजेक्शन घेतलं होतं, पण मयताला जायचं म्हणून भाकरी तिच्या घशाखाली उतरेना. दोन घास खाऊन उठली. वैशालीनं नेहमीसारखा डबा पिशवीत घातला, तर आक्कानं तो काढून ओट्यावर ठेवला. "मयताला डबा घेऊन कोन जातं गं? लोकं काय म्हनतील?" वैशाली हे मला सांगताना छाती पिटून घेत होती. सासूच्या हातातून डबा हिसकावून पिशवीत घालायला आपल्याकडं सुनेला कुठं मुभा असते?

तिथं पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. व्याह्यांचा धाकटा मुलगा सुरतेहून यायचा होता, त्याच्यासाठी थांबले होते. मयत उठेपर्यंत चूल पेटत नाही. त्यात हे लेकीचं सासर. आपल्याकडच्या जुन्या बाया लेकीच्या घरी एरवी सुद्धा मोकळ्या मनानं जेवत नाहीत, तर अशा दिवशी मागून खाणार? आक्का बायांच्या घोळक्यात भिंतीशी बसली. मंगल आत सासूला धरून होती. तात्या बाहेर पुरुषांत. ऊन डोक्यावर आलं. शेजारच्या घरातून सगळ्यांना चहा आला. आणि इथं जे झालं ते ऐकून मी डोकं धरून बसले. त्या घरच्या बायांना माहीत होतं की मंगलच्या आईला शुगर आहे. म्हणून त्या बिचाऱ्यांनी मुद्दाम, आठवणीनं, तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळा करून आणला! त्यांनी मायाच केली. कुणाला बोल लावायचा? इंजेक्शन घेतलेल्या माणसाला घाम फुटला, हात थरथरायला लागले की आधी साखर चारायची, हे आमच्या वस्तीवर पोराटोरांना पाठ आहे. तिथं ते सांगणारं कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं शेजारी बसलेल्या बाईला दिसलं की आक्काचा पदर घामानं भिजलाय. तिनं विचारलं, "काय हुतंय मावशी?" आक्का म्हणाली, "काय न्हाई. तगवण ऱ्हायलं माझं." त्या बाईला वाटलं, घरचं काही काम राहिलंय, त्याचा घोर लागलाय. ती म्हणाली, "आता जाल की माघारी, मंग करा." ही बाई नंतर मला भेटली. ढसाढसा रडत होती. "ताई, त्यांनी नुस्तं भाकर द्या म्हटलं असतं तर मी पळत जाऊन आनली असती हो." आणली असती, मला खात्री आहे. त्या अंगणातल्या कुणीही आणली असती.

मग आक्का आडवी झाली. लोकांना वाटलं, दुःखानं चक्कर आली. कांदा फोडून नाकाला लावला, वारा घातला. मंगल धावत आली आणि बघताच तिला कळलं. साखर साखर म्हणून ओरडली, पण तोवर आक्काची दातखीळ बसली होती. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. तिथं सलाईन लावलं, पण हृदय आधीच थकलेलं, ते काही साथ देईना. तिकडं सासऱ्यांची तिरडी उठली तेव्हा मंगल इकडं आईचा हात धरून बसली होती.

आम्ही वस्तीवर पोचलो, त्यानंतर दिवेलागणीला आक्काला आणलं. मंगल तिच्याबरोबर उतरली, तिला धरूनच आणावं लागलं. आक्काचा मुलगा पुण्याहून निघाला होता, त्याच्यासाठी पुन्हा थांबणं आलं. बाहेरच्या ओट्यावर आक्काला ठेवलं, भोवती बाया बसल्या. मंगल आईच्या उशाशी. मी तिच्याकडं बघत होते. ओठ पांढरे पडलेले, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. मधूनच एकच वाक्य म्हणायची, "माझ्या दारात माझी आई उपाशी मेली." बाया तिला उगी उगी म्हणत होत्या. आणि सगळ्याजणी पुन्हा तशाच उपाशी बसलेल्या.

माझं डोकंच फिरलं. मी उठले, आत गेले आणि गॅस पेटवला. वैशाली दारात येऊन उभी राहिली. "काकी, अहो, हे काय..." मी म्हटलं, "कांदा चीर." तिनं विळी घेतली. पिठलं टाकलं. फोडणीचा वास ओट्यावर गेला असणार, कारण भागीरथीकाकू, आमच्या चुलत सासूबाई, तरातरा आत आल्या.

"निर्मले, ध्यान ठिकानावर हाय का? मयत दारात हाय आन तू फोडनी घालती?"

"व्हय काकू, घालती. एक उपाशी गेली ह्या घरातली. दुसरीला जाऊ द्यायची न्हाई मी. तुमाला काय म्हनायचं ते म्हना."

काकूंनी कपाळाला हात लावला. मी भाकरी थापायला घेतली. घाईत भाकरी वाकडीतिकडी झाली, झाली तर झाली. ताट वाढून ओट्यावर घेऊन आले आणि मंगलच्या पुढ्यात बसले. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. 'मंगल, थोडं तगवण कर' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी ते गिळलं. मी विचारलं, "मंगल, भूक लागलीय का तुला?"

तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. मान हलवून नाही म्हणाली.

मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मंगल, माझ्याकडं बघ. भूक लागलीय का?"

तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "लागलीय," ती म्हणाली. "काकी, सकाळपासून लई भूक लागलीय मला." आणि एवढ्या जोरात रडली की तात्या अंगणातून उठून आले.

कुणी हसलं नाही. मंगलनं आईच्या शेजारी बसून रडत रडतच भाकरी मोडली, आणि भागीरथीकाकूंनी पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला.