निळा ड्रम
प्लास्टिकच्या ड्रममध्ये बरेच दिवस राहिलेल्या पाण्याला एक कोंदट वास येतो. आज सकाळी झाकण उघडलं आणि धुळ्याची ती गल्ली आठवली. मी तेव्हा आशाताई होते, डेंग्यूच्या साथीत घरोघरी डासांच्या अळ्या शोधत फिरायचे. एका म्हातारीच्या निळ्या ड्रममध्ये अळ्या वळवळत होत्या, आणि आत खाटेवर तिची नात तापाने फणफणली होती. अळ्या मारायचं औषध टाकून पाणी वाचवता आलं असतं, पण सरकारी अनुदान अडकलेलं, त्यामुळे औषधच नव्हतं. "अक्का, पाणी ओतावं लागेल," मी म्हटलं. तिने झाकणावर हात ठेवला. "बठ्ठं पानी हाईच शे, माय. नळ कवय येई, तू सांग." घरातलं सगळं पाणी तेवढंच, आणि नळ कधी येणार ते मला तरी कुठे ठाऊक होतं? मागे फिरावं, तर आत पोरगी कण्हत होती. ड्रमच्या दोन बाजूंना आम्ही दोघी नुसत्या उभ्या. शेवटी तीच म्हणाली, "धर." ड्रम आडवा झाला, पाणी गटारीकडे पळालं, शेजारची शेळी तोंड लावायला धावली. तेवढ्यात भोंगा लावलेली गाडी गल्लीतून गेली. नागरिकांनी घरात पाणी साठवू नये, म्हणत होती. तिच्या डिझेलला मात्र पैसे होते. म्हातारी रिकाम्या ड्रमला टेकून कोरड्या नळाकडे बघत बसली. ते काम मी केव्हाच सोडलं. आमच्याकडेही नळाला आठवड्याने पाणी येतं. आज झाकण उघडलं तर आत अळ्या. मी झाकण परत लावलं आणि त्यावर हात ठेवून उभी राहिले.